नोटेवर नसलेला डॉलर

हैतीच्या बाजारात भाव विचारला की जो आकडा कानावर येतो, तो तिथल्या कुठल्याच नोटेवर छापलेला नसतो. एवढी साधी गोष्ट समजायला मला तीन आठवडे लागले. ती तशी का आहे, हे समजायला मात्र वर्षाहून जास्त गेलं.

२०११ च्या फेब्रुवारीत मी लेओगानला पोचले. राजधानी पोर्तो-प्रिन्सच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, उसाच्या शेतांमधलं गाव. आदल्या वर्षीच्या १२ जानेवारीच्या भूकंपाचं केंद्र इथून जवळच होतं, त्यामुळे गाव असं फारसं उरलेलंच नव्हतं. ताडपत्र्या होत्या, अर्ध्या भिंती होत्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध रोज भरणारा बाजार होता. ऑक्टोबरपासून पटकीची साथ पसरत होती. विहिरी, हातपंप आणि क्लोरीन हे माझं काम. पैशाशी संबंध इतकाच, की मजुरांचे रोज चुकते करायचे आणि आठवड्याचा बाजार आणायचा.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेला बसलेल्या एका बाईकडे अॅव्होकॅडोचा वाटा दिसला. भाव विचारला. ती म्हणाली, "काट दोला." चार डॉलर. गुर्द हे हैतीचं चलन, आणि त्या वेळी एका अमेरिकन डॉलरला चाळीस गुर्द पडायचे. म्हणजे १६० गुर्द. पाच फळांना हे फार होतं, पण घासाघीस करण्याइतकी भाषा नव्हती आणि ज्या गावाचं सगळं गेलंय तिथे ती करावीशीही वाटली नाही. मी शंभराची एक, पन्नासाची एक आणि दहाची एक अशा नोटा तिच्या पुढे धरल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. दहाची नोट घेतली, परकराच्या खिशातून आणखी कुणाची तरी दहाची नोट काढून दाखवली, बोटांनी 'दोन' केलं, आणि उरलेले पैसे माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली. वीस गुर्द. चार दोला म्हणजे वीस गुर्द. मी आठपट द्यायला निघाले होते.

पुढे दीड वर्ष मी भाजी तिच्याकडूनच घेतली. क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, अशा ठरलेल्या विकणारीला आणि ठरलेल्या गिऱ्हाइकालाही एकच शब्द आहे, 'प्रातिक'. ती माझी प्रातिक, मी तिची प्रातिक. दोन्ही बाजूंना सारखा लागणारा हा शब्द मला फार आवडतो.

तर दोला. लोक त्याला 'दोला आयिस्यें' म्हणतात, हैतीचा डॉलर. एक दोला म्हणजे पाच गुर्द, ना कमी ना जास्त. या दोलाची नोट नाही. त्याच्या नावाचं नाणं नाही. देशाची मध्यवर्ती बँक 'बांक द ला रेप्युब्लिक द'आयती' तो छापत नाही, तो कुठल्या खात्यात जमा होत नाही, चलनदराच्या फलकावर त्याला जागा नाही. तरी शाळेची फी, कोंबडीची किंमत, टपटपचं, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीचं भाडं, लग्नातला खर्च, मयताचा खर्च, सगळं त्यातच बोललं जातं. बोलायचं दोलात, द्यायचं गुर्दांत. गुणाकार मधल्या मधे, विचार करायलाही न थांबता. आठ-नऊ वर्षांची पोरं पाचाचा पाढा ज्या वेगाने चालवायची, ते पाहून मी थक्क व्हायचे.

माझ्या वहीत त्या काळात चार रकाने होते. पहिला अमेरिकन डॉलरचा, कारण मदतीचा पैसा त्यात यायचा आणि हिशोब त्यात द्यायचा. दुसरा गुर्दांचा, कारण पावत्या त्यात असायच्या. तिसरा दोलाचा, कारण समोरचा माणूस त्यात बोलायचा. आणि चौथा, पेन्सिलीने लिहिलेला, रुपयांचा, फक्त माझ्या जिवाला समजण्यासाठी. तेव्हा अमेरिकन डॉलर पंचेचाळीसेक रुपयांना होता, म्हणजे गुर्द आपल्या रुपयापेक्षा जरासाच जड. त्यामुळे चौथा रकाना लवकरच बंद पडला. तिसरा मात्र कधीच सुटला नाही, आणि तिथेच माझ्या हातून एक चूक झाली. ती अजून विसरता आलेली नाही.

मार्चमध्ये पावसाआधी गटारं उपसायची होती. भूकंपानंतर अशा कामांवर दिवसाला २०० गुर्द रोज देत असत, पाच अमेरिकन डॉलर. दुभाष्याचं काम करणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता. चाळीस माणसं हवी होती आणि समोर पन्नासेक जमली होती. मला वाटलं, एवढं तर मी बोलू शकते. मी म्हणाले, "दे साँ दोला." दोनशे दोला. मला म्हणायचं होतं दोनशे गुर्द. पण इतके दिवस कानावर दोलाच पडत होता, तोच जिभेवर आला. दोनशे दोला म्हणजे हजार गुर्द, पंचवीस अमेरिकन डॉलर, दिवसाला. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. सगळे एकदम गप्प झाले. मला ती शांतता संमतीची वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दीडशेच्या वर माणसं उभी होती. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन रात्रभर डोंगर उतरून आली होती. दुभाष्याने मला बाजूला घेऊन विचारलं, काल तुम्ही नेमकं काय बोललात? मग मला त्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं, की माझा शब्द चुकला, रोज दोनशे गुर्दच आहे, चाळीस दोला. ज्यांच्या डोळ्यांतून ते हजार गुर्द उतरताना मी पाहिले त्यांची मी आजही अपराधी आहे. बरेच जण परत गेले. ती डोंगरावरची बाई थांबली. वाद वाढणार असं वाटत असताना एक म्हातारा गवंडी पुढे आला आणि बाकीच्यांना काहीतरी म्हणाला. दुभाष्याने ते मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "ही कागदाचा पैसा बोलते. आपण तोंडचा बोलतो. तिने आपला शब्द घेतला आणि तिचा आकडा लावला."

कागदाचा पैसा आणि तोंडचा पैसा. इतकी नेमकी व्याख्या मी अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

या तोंडच्या पैशातला पाच आला कुठून, हे मी त्यानंतर विचारू लागले, आणि उत्तर शोधत दोनशे वर्षं मागे गेले.

आधी गुर्द या नावाबद्दल. तिथे कुणालाही विचारा, एकच गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी बंड करून, नेपोलियनच्या फौजेला हरवून उभं केलेलं हे राष्ट्र. दोनच वर्षांत त्याचा पहिला राज्यकर्ता देसालिन याचा खून झाला आणि देश दुभंगला. उत्तरेत आन्री क्रिस्तोफकडे सत्ता आली तेव्हा तिजोरीत नाणंच नव्हतं. मग त्याने म्हणे फर्मान काढलं, की राज्यातले सगळे भोपळे सरकारजमा. वाळवलेला भोपळा, ज्याचा तुंबा होतो, वाडगं होतं, पळी होते, पाणी भरायचं भांडं होतं. फ्रेंचमध्ये त्याला गूर्द म्हणतात. घराघरात लागणारी वस्तू, म्हणून तिला किंमत. त्या भोपळ्यांवर त्याने शेतकऱ्यांकडून कॉफी घेतली, कॉफी विकून सोनं-चांदी आणली, आणि चलनाचं नाव पडलं गुर्द.

गोष्ट फार सुंदर आहे. पण मला ती खरी वाटत नाही. क्रांतीच्या कितीतरी आधीपासून फ्रेंच वसाहतींमध्ये स्पेनच्या जाड रुप्याच्या नाण्याला 'पियास्त्र गूर्द' म्हणत, गूर्द म्हणजे इथे जड, जाडजूड. नाव तिथून आलं असणार. १८१३ मध्ये गुर्द हे देशाचं चलन झालं तेही दक्षिणेतल्या पेत्योंच्या राज्यात, क्रिस्तोफच्या नव्हे. तरीही माझ्या प्रातिकला मी हे कधी सांगितलं नाही. ज्या बाईने पाणी पिण्याच्या भांड्यावरून आपल्या पैशाचं नाव पडलं असं मानून आयुष्य काढलंय, तिच्या समजुतीत मला त्या जड नाण्यापेक्षा जास्त अर्थ दिसत होता.

पाचाची गोष्ट मात्र खरी आहे, आणि सुंदर मुळीच नाही.

१८२५ च्या जुलैत फ्रान्सच्या दहाव्या शार्लचा हुकूमनामा घेऊन १४ युद्धनौका पोर्तो-प्रिन्ससमोर येऊन उभ्या राहिल्या. जवळजवळ ५०० तोफा. हुकूम असा, की फ्रान्स तुमचं स्वातंत्र्य मान्य करेल, पण आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्यापोटी १५ कोटी फ्रँक द्या, पाच वार्षिक हप्त्यांत. त्या नुकसानीत जमीन होती, गिरण्या होत्या, आणि माणसं होती. म्हणजे जे काल गुलाम होते, त्यांनी स्वतःची किंमत आपल्या जुन्या मालकांना द्यायची होती. अध्यक्ष ब्वाये यांनी सही केली. पहिला हप्ता तीन कोटींचा. तेवढे पैसे नव्हते म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचं कर्ज काढलं. दलाली कापून हातात आले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण तोवर कर्जावर कर्ज चढलं होतं. हे सगळं फिटायचं कशातून, तर कॉफीवरच्या जकातीतून. म्हणजे डोंगरातल्या शेतकऱ्याच्या पाठीवरून.

या वर्षांत सरकारने घर चालवायला कागदी गुर्द छापायला घेतले, आणि छापत गेले. १८७२ मध्ये तो कागद मागे घेतला तेव्हा जुन्या ३०० ला एक नवा असा भाव पडला. १८८० मध्ये देशाची राष्ट्रीय बँक निघाली, पण ती पॅरिसच्या एका बँकेने काढलेली. संचालक पॅरिसमध्ये, नफा पॅरिसमध्ये, आणि हैतीचं सरकार स्वतःचा पैसा ठेवतानाही दलाली देणार, काढतानाही देणार. १९१० मध्ये तिच्या जागी दुसरी बँक आली आणि तिच्यात न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक शिरली. १७ डिसेंबर १९१४ रोजी 'माचायस' या जहाजावरून उतरलेले अमेरिकन सैनिक दिवसाढवळ्या या बँकेत गेले, पाच लाख डॉलरचं सोनं उचललं आणि न्यूयॉर्कला घेऊन गेले. पुढच्या वर्षी २८ जुलैला ते पुन्हा आले आणि १९ वर्षं राहिले.

त्या १९ वर्षांतलं १९१९ हे साल मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलेलं आहे. त्या वर्षी चलनाचा करार झाला, पाच गुर्द म्हणजे एक अमेरिकन डॉलर, आणि मागेल त्याला त्या भावाने बदलून मिळेल. आणि त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला, या ताब्याविरुद्ध शेतकऱ्यांची फौज उभी करणारा शार्लमान्य पेराल्त मारला गेला. त्याचं प्रेत एका दाराला बांधून फोटो काढला आणि लोकांना जरब बसावी म्हणून त्याच्या प्रती वाटल्या. लोकांनी त्या फोटोत क्रूसावरचा ख्रिस्त पाहिला. पुढे देशाने सांतिमची नाणी पाडली, गुर्दाचा शंभरावा भाग तो सांतिम, त्यांच्यावर पेराल्तचा चेहरा आला. माझ्याकडे ५० सांतिमचं एक नाणं आहे. त्याला आता काही येत नाही. मी ते जपून ठेवलंय.

त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं पाच गुर्दांना एक डॉलर हा भाव हलला नाही. महायुद्ध झालं, द्युव्हालिये बापलेकांची हुकूमशाही आली, १९८६ मध्ये मुलगा पळून गेला, आणि एवढ्या सगळ्यात पाच तो पाचच. बाजारात अमेरिकन नोट आणि गुर्दाची नोट एकाच हातातून फिरायची. पाच गुर्दांना डॉलर म्हणणं ही साधी सरळ गोष्ट होती, कारण तो खरोखर डॉलर होता. आजी तसं म्हणायची, आई तसं म्हणायची, मुलगी तसंच शिकली.

मग १९८९ च्या सुमारास भाव सुटला. पाचाचे सात झाले, १९९१ चं बंड आणि त्यानंतरचे निर्बंध यांत आणखी घसरले, मी गेले तेव्हा चाळीस होते. आणि इथे जे झालं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. दोला हा शब्द आता दोघांपैकी एकाचाच होऊ शकत होता. वॉशिंग्टनच्या हिरव्या नोटेबरोबर तो वर चढला असता, किंवा पाच गुर्दांबरोबर खाली राहिला असता. लोकांनी त्याला पाच गुर्दांपाशी ठेवलं. कुणी ठराव केला नाही, कुणी फतवा काढला नाही. पण लाखो बायकांनी लाखो वेळा भाव सांगताना तेच केलं. परक्याने लादलेला आकडा होता, तो त्यांनी परक्याकडून काढून घेतला आणि आपला केला. बाहेरच्या डॉलरला आता वेगळं विशेषण लावावं लागतं, 'दोला अमेरिकेन'. नुसता दोला म्हणजे आपला.

भाषा पैसा धरून ठेवते हे आपल्याला नवं नाही. माझी आजी कराडच्या मंडईत शेवटपर्यंत 'बारा आणे' म्हणायची. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणा संपला, पण पंचवीस पैशांना चार आणे म्हणणं दोन पिढ्या चाललं. लेओगानमध्ये असतानाच मी बातमी वाचली, की ३० जून २०११ पासून भारतात पंचवीस पैशांचं नाणं चलनातून बाद. चार आणे गेले. त्या संध्याकाळी मी प्रातिकला हे सांगितलं. आमच्याकडेही असा एक तोंडचा पैसा होता, म्हटलं, त्याचं नाणं आज मेलं. ती म्हणाली, नाणं मेलं तर काय झालं, तुम्ही म्हणणं सोडलंत का? मी विचार केला. सोळा आणे खरं, असं आम्ही अजून म्हणतो. पण भाजी आण्यात घेत नाही. आमचा आणा म्हणींत उरला. त्यांचा दोला अजून रोज तांदूळ विकत आणतो.

इतकंच नाही, त्याने कागदालाही वळण लावलं. हैतीच्या नोटा पाहा. दहा, वीस, पंचवीस, पन्नास, शंभर, अडीचशे, पाचशे, हजार. पंचवीस आणि अडीचशे हे आकडे मला सुरुवातीला विचित्र वाटले होते. दोलात मोजले की कोडं सुटतं. पंचवीस म्हणजे पाच दोला, अडीचशे म्हणजे पन्नास दोला. जो पैसा अस्तित्वातच नाही त्याच्या सोयीच्या नोटा मध्यवर्ती बँक छापते.

त्या नोटांवर कोण आहे हेही सांगायला हवं. २००४ मध्ये स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हाची ही मालिका. दहावर सानिते बेलेर, गुलामांच्या बंडाचा सेनापती तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्या फौजेतली लेफ्टनंट. १८०२ मध्ये फ्रेंचांनी तिला पकडलं. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायला तिने नकार दिला, असं सांगतात. पन्नासवर कापवा, १८ नोव्हेंबर १८०३ च्या व्हेर्तियेरच्या लढाईत खालचा घोडा पडला तरी पुढेच जात राहिलेला. शंभरावर क्रिस्तोफ, मागे त्याने डोंगरमाथ्यावर बांधलेला किल्ला. अडीचशेवर देसालिन. पाचशेवर पेत्यों. हजारावर फ्लोर्व्हिल इपोलित, ज्याच्या कारकिर्दीत पोर्तो-प्रिन्सचा लोखंडी बाजार उभा राहिला. बाजारात नोटा फाटक्या, तेलकट, घामाने मऊ झालेल्या असतात, पण त्यांना चेहऱ्यांच्या नावाने हाक मारता येईल इतक्या त्या माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या.

माझ्या प्रातिकचा सगळा व्यवहार मी जवळून पाहिला. ती सकाळी माल घ्यायची 'मादान सारा'कडून. मादान सारा हे मुळात थव्याने हिंडणाऱ्या एका गोंगाट्या पक्ष्याचं नाव. डोंगरातून शहरात, शहरातून गावात, शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकच्या सरहद्दीवरच्या बाजारापर्यंत माल फिरवणाऱ्या घाऊक व्यापारी बायकांना तेच नाव पडलंय. तांदूळ-डाळ मोजायला वजनकाटा नाही, 'मामित' असते, पत्र्याचा मोठा डबा. शीग लावून भरायची. आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर मूठभर आणखी, त्याला 'देगी' म्हणतात, आपली भाजीवाली वर कोथिंबिरीची काडी टाकते तशी.

भांडवल उभं राहायचं 'सोल'मधून. सोल म्हणजे आपली भिशी, अगदी तीच. बारा बायका, दर शुक्रवारी प्रत्येकीने पन्नास दोला, म्हणजे अडीचशे गुर्द, म्हणजे एक देसालिन. जमले सहाशे दोला, ते एकीला. कुणाची पाळी कधी हे ठरवणारी ती 'मानमान सोल', सोलची आई. माझी प्रातिक सोलची आई होती. लिहिता येत नव्हतं, पण बारा जणींच्या पाळ्या, कुणी कुणाशी पाळी बदलली, कुणाचा नवरा आजारी म्हणून कुणाला आधी द्यायचं, सगळं तोंडपाठ. मी एकदा वहीत मांडून देऊ का विचारलं. ती म्हणाली, वही हरवली तर? भूकंपात वह्याच हरवल्या होत्या. सोलचा शब्द मात्र, ती म्हणाली, ढिगाऱ्यातून बाहेर आला. दोघी मेल्या, त्यांचा वाटा त्यांच्या मुलांना दिला.

सोल नसेल तर मग 'पोन्या'. त्याचा शब्दशः अर्थ खंजीर. महिन्याला शेकडा वीस व्याजाने पैसे देणाऱ्याचं कर्ज. नाव ज्याने ठेवलं त्याने घेतलेलं असणार.

आणि या सगळ्याच्या वर परदेशातून येणारा पैसा. मायामी, ब्रुकलिन, माँट्रियलमधून बहिणीचे, लेकाचे, चुलत्याचे. देशाच्या एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असाच येतो. २०११ मध्येच सरकारने अशा प्रत्येक पाठवणीवर दीड डॉलर कर बसवला, मुलांच्या मोफत शिक्षणासाठी म्हणून. प्रातिकची बहीण मायामीत रुग्णालयात सफाईचं काम करायची. शंभर डॉलर आले की प्रातिक म्हणायची, आठशे दोला आले. बहिणीचा डॉलर समुद्र ओलांडून आला की आठ व्हायचा. पण तांदूळही त्याच समुद्रावरून यायचा, अमेरिकेतून, त्याला तिथे 'मायामीचा तांदूळ' म्हणतात. १९९५ मध्ये आयात तांदळावरची जकात ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली, तेव्हापासून आर्तिबोनीत खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा भात मागे पडत गेला. म्हणजे बहिणीचे आठशे दोला ज्या वाटेने यायचे, त्याच वाटेने परत जायचे.

२००३ मध्ये अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे त्या १८२५ च्या खंडणीची परतफेड मागितली होती. आकडा असा: २१,६८५,१३५,५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटची त्या वेळी पुष्कळांनी थट्टा केली. मला ती थट्टा कधी समजली नाही. ज्या देशाने ते कर्ज आणि त्यापायी काढलेली कर्जं १९४७ पर्यंत फेडली, त्याने शेवटचा सेंटही मोजून मागावा यात काय वावगं आहे? सोलची आई असती तर तिनेही तसाच मोजला असता. १७ एप्रिल २०२५ ला, हुकूमनाम्याला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचं मंडळ नेमत असल्याचं सांगितलं. पैशाचा शब्द काढला नाही.

मी २०१२ च्या मध्याला परत आले. त्यानंतर गुर्द घसरतच गेला. २०१८ मध्ये सरकारने फर्मान काढलं, की देशात सगळे भाव गुर्दांतच सांगायचे. ते अमेरिकन डॉलरसाठी होतं, पण ऐकताना मला तोंडच्या डॉलरची काळजी वाटली. काही झालं नाही त्याला. ज्याची नोट नाही त्याच्यावर बंदी घालणार कशी? २०२० मध्ये तर वर्षभरात डॉलर १२० गुर्दांपर्यंत चढला, मग मध्यवर्ती बँकेने डॉलर विकायला काढले तेव्हा काही आठवड्यांत साठाच्या आसपास उतरला, आणि त्याच सुमारास नियम आला की परदेशातून आलेला पैसा गुर्दांतच मिळणार. मग तो पुन्हा चढला. आता १३० च्या आसपास आहे.

२०२१ च्या जूनपासून लेओगानहून राजधानीला जाणारा रस्ता मार्तिसां या राजधानीतल्याच वस्तीत टोळ्यांच्या हातात गेला. मादान सारा त्या वाटेने जाऊ शकत नाहीत, गेल्या तर वाटेत मोजावं लागतं, कधी जीवही. माझी प्रातिक अजून लेओगानलाच आहे. वर्षातून दोन-तीनदा तिच्या मुलाच्या फोनवरून बोलणं होतं. माझी क्रिओल गंजली आहे, ती हळू बोलते माझ्यासाठी. गेल्या वेळी मी विचारलं, सोल चालू आहे का? चालू आहे म्हणाली. बारापैकी सात जणी त्याच, पाच नव्या. वाटा किती? मी विचारलं. मला पन्नास ऐकू येईल असं वाटत होतं.

"दे साँ दोला," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात पाचाने गुणलं. हजार गुर्द, एक इपोलित. अमेरिकन डॉलरमध्ये आठसुद्धा नाहीत. तिला ते जुने दोनशे दोला आठवत होते की नाही कोण जाणे, मी काही विचारलं नाही. पाळी कुणाची आहे या शुक्रवारी, एवढंच विचारलं. तिचीच होती.